बाजाराचा परतावा आणि आपल्या हातात पडणारा परतावा : मधला फरक कुठे जातो?

सुताची गाठ (मुरारजी पेठ) | १७ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. मी सुताचा व्यापार करतो आणि गेली अकरा वर्षे निफ्टीच्या निर्देशांक फंडात (निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडात) दरमहा रक्कम टाकत आलो आहे. दिवाळीनंतर जुनी स्टेटमेंट लावून ठेवताना जून महिन्याचे पान हाती आले आणि त्यावरून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो इथे मांडतो.

३ जून २०२४ रोजी, लोकसभेच्या मतदानोत्तर चाचण्यांनंतरच्या पहिल्या दिवशी, सेन्सेक्स २,५०७ अंशांनी चढून ७६,४६९ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू असताना तो ४,३९० अंशांनी कोसळून ७२,०७९ वर आला. ५ जूनला त्यातले २,३०३ अंश परत मिळाले आणि ७ जूनला तो ७६,६९३ वर, म्हणजे तोवरच्या सर्वोच्च पातळीवर, बंद झाला. निर्देशांकातल्या तीस कंपन्यांचे कारखाने, कर्जे, कामगार आणि गिऱ्हाईक त्या पाच दिवसांत होते तेच होते. बदलत होते ते त्यांच्याविषयी आपल्याला वाटणारे मोल.

आता माझे सांगतो. ४ जूनला दुपारी अडीच वाजता, दुकानात दोन गिऱ्हाईक समोर बसलेले असताना, मी मोबाइलवरून माझ्या फंडाची आठ लाखांची युनिट्स (फंडातले हिस्से) विकली. पैसे खात्यात आल्यावर ७ जूनला तीच रक्कम त्याच फंडात परत टाकली. आज हिशेब केला तेव्हा दिसले, की जेवढी युनिट्स विकली तेवढी परत घ्यायला मला सुमारे ५१ हजार रुपये अधिक लागले असते. फंडाने काही गमावले नाही, मी गमावले.

माझे प्रश्न दोन आहेत. गुंतवणूकदारांच्या मनःस्थितीने बाजाराचा परतावा खरोखर किती बदलतो? आणि बाजार जो परतावा देतो, त्यातला किती भाग आपण आपल्याच वागण्याने वाटेत सांडतो?

---

टॉवेलवाले (अक्कलकोट रोड एमआयडीसी) | सकाळी ९.५५

अण्णा, प्रश्न चांगला आहे, पण पहिल्या भागाशी मी सहमत नाही. कंपन्या बदलल्या नव्हत्या हे खरे असले, तरी त्यांच्या पुढच्या पाच वर्षांविषयीची माहिती त्या दिवशी बदलली होती. सरकार कसे असेल, भांडवली खर्च चालू राहील का, सरकारी कंपन्यांचे धोरण काय राहील, या सगळ्यावर भविष्यातला नफा अवलंबून असतो आणि शेअरचा भाव म्हणजे भविष्यातल्या नफ्याचे आजचे मोल. ४ जूनला सर्वांत जास्त मार सरकारी बँका, वीज आणि संरक्षण क्षेत्रांतल्या कंपन्यांना बसला. साबण-बिस्किटे विकणाऱ्या कंपन्यांचे शेअर त्याच दिवशी चढले. बाजार नुसता घाबरला असता, तर सगळेच सारखे पडले असते. बाजाराने निवड केली. त्याला मी घबराट म्हणणार नाही.

---

कडक भाकरी | सकाळी १०.०४

टॉवेलवाल्यांचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. साबणवाल्या कंपन्यांचे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

---

सम्यक (होटगी रोड) | सकाळी ११.३०

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. तुम्हा दोघांच्या बोलण्यात विरोध दिसतो तेवढा नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

भाव माहितीने हलतो हे टॉवेलवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. प्रश्न असा, की जेवढी नवी माहिती आली तेवढाच भाव हलला का? अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी १९८१ मध्ये अमेरिकी बाजाराच्या दीर्घ इतिहासावरून दाखवले, की शेअरचे भाव ज्या प्रमाणात वर-खाली होतात, त्या प्रमाणात कंपन्यांचे लाभांश पुढे प्रत्यक्षात बदलत नाहीत. लाभांशाची वाट संथ असते आणि भावाची वाट उसळती. ही जास्तीची उसळी कुठून येते, याचे एक उत्तर म्हणजे माणसांची मनःस्थिती. शिलर यांना २०१३ मध्ये नोबेल मिळाले. त्याच वर्षी ते युजीन फामा यांनाही मिळाले आणि फामा यांचे मत असे, की उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेली असते. म्हणजे आज या धाग्यावर जो वाद सुरू आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वर्षी सन्मान मिळालेला आहे.

मनःस्थितीचा परिणाम कुठे जास्त दिसतो, यावर माल्कम बेकर आणि जेफ्री वर्गलर यांचे २००६ चे काम महत्त्वाचे आहे. लहान, नव्या, नफा नसलेल्या किंवा ज्यांचे मोल ठरवणे अवघड अशा कंपन्यांवर लोकांच्या उत्साहाचा परिणाम सर्वाधिक होतो. जुन्या, मोठ्या, नियमित लाभांश देणाऱ्या कंपन्यांवर तो कमी होतो. आणि सुताची गाठ यांच्या प्रश्नासाठी खरी कळीची गोष्ट पुढे आहे. उत्साह शिगेला पोहोचलेला असताना घेतलेल्या अशा शेअरचा पुढचा परतावा सरासरीने कमी निघतो, आणि निराशेच्या काळात घेतलेल्यांचा जास्त. उत्साह भाव आज वाढवतो, पण तो उद्याच्या परताव्यातून उचल घेऊन.

शहाण्या माणसांनी अशा वेळी उलटा व्यवहार करून भाव जागेवर का आणू नये, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. कारण लोकांचे वेड आणखी वर्षभर टिकले, तर शहाणा माणूस तोवर कर्जबाजारी होतो. वेडाचा हा धोकादेखील भावात मोजावा लागतो, हे १९९० मध्ये डी लाँग, श्लायफर, समर्स आणि वाल्डमन यांनी मांडले.

---

टॉवेलवाले | दुपारी १२.१५

ताई, "उद्याच्या परताव्यातून उचल" हे आमच्या धंद्यात रोज दिसते. सूत महागणार अशी कुजबूज झाली, की अख्ख्या एमआयडीसीत जो-तो गरजेपेक्षा दुप्पट सूत उचलतो. त्या उचलीनेच भाव खरोखर वाढतो आणि कुजबूज खरी ठरल्यासारखी वाटते. दोन महिन्यांनी सगळ्यांची गोदामे भरलेली असतात, नवे गिऱ्हाईक नसते आणि भाव खाली येतो. सुताची गाठ यांनी हे गल्ल्यावर बसून कितीदा पाहिले असेल. तरीही ४ जूनबाबत माझे मत कायम आहे.

---

सुताची गाठ | दुपारी १२.४०

अगदी शेकडो वेळा पाहिले आहे. आणि सुताच्या बाबतीत मी कधी त्या गर्दीत सामील होत नाही, कारण गिरणीत माल किती पडून आहे हे मला फोनवर कळते. शेअरच्या बाबतीत मात्र माझ्याकडे फक्त हलणारा आकडा होता.

---

भोंगा (जुनी मिल चाळ) | दुपारी २.०५

माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो. ते कापड गिरणीत साचाखात्यात होते. जानेवारी १९९२ मध्ये सेन्सेक्स २,००० च्या आसपास होता आणि २२ एप्रिलला तो ४,४६७ वर गेला. चार महिन्यांत दुपटीहून जास्त. तोवर शेअर हा शब्द आमच्या चाळीत कोणी उच्चारला नव्हता. त्या मार्च महिन्यात मात्र पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर सिमेंट कंपनीच्या शेअरची चर्चा चालायची. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते तेही अर्ज भरून घ्यायला एका कारकुनाकडे रांग लावत.

वडिलांनी आईच्या दोन पाटल्या गहाण ठेवून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शेअर घेतले. २३ एप्रिलला बँकांच्या रोखे व्यवहारांतला घोटाळा वर्तमानपत्रातून उघड झाला आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मला या धाग्यासाठी जे सांगायचे ते याच्याही पुढचे आहे. वडिलांनी ते शेअर विकले नाहीत. भाव निम्म्यावर आला तरी, त्याहून खाली गेला तरी, "घेतलेल्या भावाला आला की काढतो" हेच ते म्हणत राहिले. गिरणी बंद पडली तेव्हा पैशाची खरी निकड होती. तेव्हा त्यांनी टपालाचे नफ्यातले बचतपत्र मुदतीआधी मोडले आणि तोट्यातला शेअर तसाच ठेवला. तोटा मान्य करणे त्यांना पाटल्या पुन्हा एकदा गमावण्यासारखे वाटत असावे. पाटल्या शेवटी सुटल्या नाहीत.

आई आज ८१ वर्षांची आहे. तिने या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही.

---

इंद्रधनू | दुपारी २.२०

भोंगा दादा, वाचून गलबलून आले. आईंना नमस्कार सांगा.

---

सम्यक | दुपारी २.५०

भोंगा यांच्या वडिलांनी जे केले, ते जगभर लाखो माणसे करतात. डॅनिएल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले, की तोट्याचे दुःख तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा बरेच तीव्र असते. पुढच्या प्रयोगांत ते सुमारे दुप्पट आढळले. म्हणून माणूस नफ्यातली वस्तू घाईने विकतो आणि तोट्यातली धरून बसतो. हर्ष शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये या सवयीचा शेअर बाजाराच्या संदर्भात अभ्यास केला.

आपल्याकडचा ताजा पुरावा सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पब्लिक इश्यूंच्या (कंपन्या पहिल्यांदा लोकांना शेअर विकतात त्या विक्रीच्या) अभ्यासात आहे. वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअरपैकी मूल्याने जवळपास निम्मे एका आठवड्यात विकले होते. जिथे आठवड्यात २० टक्क्यांहून जास्त नफा होता तिथे सुमारे दोन तृतीयांश शेअर विकले गेले. जिथे तोटा होता तिथे एक चतुर्थांशही विकले गेले नाहीत. १९९२ आणि २०२४ या दोन पिढ्यांत अर्जाचा कागद जाऊन मोबाइल आला, पण हात तसाच वागतो.

---

पै_पै (नवी पेठ) | दुपारी ४.१०

मी म्युच्युअल फंडाचे वितरणाचे काम करतो आणि २३ मार्च २०२० हा दिवस मला तासातासाने आठवतो. सेन्सेक्स त्या एका दिवसात ३,९३५ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त, पडून २५,९८१ वर बंद झाला. जानेवारीत तो ४२,००० च्या वर होता. भीती मोजणारा इंडिया विक्स निर्देशांक त्या आठवड्यात ८० च्या वर गेला होता. तुलनेसाठी सांगतो, ४ जून २०२४ ला तो दिवसभरात ३० च्या थोडा वर गेला आणि संध्याकाळपर्यंत उतरला. मार्च २०२० ची भीती किती वेगळ्या जातीची होती, हे यावरून कळावे.

त्या आठवड्यात मला जे फोन आले त्यांत "किती पडला?" हा प्रश्न कमी होता. "दवाखान्याला पैसे लागले तर?" हा प्रश्न जास्त होता. म्हणून मी त्या लोकांना मूर्ख म्हणायला तयार नाही. शेजारच्या घरातून रुग्णवाहिका निघते आहे, दुकानाचे शटर कधी उघडेल माहीत नाही, आणि अशा वेळी हातात रोख असावी असे वाटणे हा व्यवहार आहे. चूक ज्यांच्याकडून झाली ती वेगळीच माणसे होती. त्यांच्याकडे वर्षभराची रोख शिल्लक होती, पगार चालू होता, तरी त्यांनी एसआयपी, म्हणजे फंडातला दरमहाचा ठरलेला हप्ता, थांबवली. २१ जानेवारी २०२१ ला सेन्सेक्सने ५०,००० ला स्पर्श केला, तेव्हा त्यांचा फोन पुन्हा आला. "आता बाजार बरा दिसतो" असे ते म्हणाले. बाजार बरा दिसेपर्यंत तो जवळजवळ दुप्पट झालेला होता.

---

सातरस्ता | सायंकाळी ५.२५

मी २६ वर्षांचा आहे. इथे सगळे फंड आणि दीर्घ मुदतीविषयी लिहीत आहेत, पण माझ्या वयाच्या मुलांचा बाजाराशी संबंध येतो तो ऑप्शनमधून, म्हणजे ठरावीक मुदतीत भाव कुठे जाईल यावरच्या सौद्यांतून. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि सर्वांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. त्यातले एक वाक्य मी दहादा वाचले : सलग तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून अधिक लोक व्यवहार करतच राहिले.

मी त्या तीन चतुर्थांशांत होतो. पहिल्या महिन्यात १८ हजार मिळाले आणि मला वाटले, की मला हे समजते. त्यानंतर चौदा महिन्यांत २ लाख ४० हजार गेले, त्यांत ताईच्या लग्नासाठी मी घरात देणार असलेले ८० हजार होते. टेलिग्रामवरच्या एका गटात दर गुरुवारी कोणीतरी नफ्याचा फोटो टाकायचा आणि तोट्याचा फोटो कधीच कोणी टाकला नाही. त्यामुळे हरणारा मी एकटाच आहे असे मला वाटायचे, आणि ती लाज झाकण्यासाठी पुढच्या गुरुवारी मी आणखी मोठा सौदा करायचो. आता सहा महिने झाले, खाते बंद आहे. घरी सगळे सांगितले आहे.

---

पै_पै | सायंकाळी ५.४०

सातरस्ता, घरी सांगितलेस हे फार मोठे काम केलेस. येत्या २० नोव्हेंबरपासून निर्देशांकावरच्या वायदे-ऑप्शनच्या नव्या करारांचे किमान मूल्य १५ लाख होत आहे आणि साप्ताहिक मुदतीचे करार प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकापुरते उरत आहेत. त्याने काही मुले तरी वाचतील अशी आशा आहे.

---

इंद्रधनू | सायंकाळी ६.३०

सातरस्ता यांनी लाजेबद्दल लिहिले, त्यावरून सांगते. आमची बारा जणींची भिशी आहे, त्यातल्या सात जणी आता फंडातही पैसे टाकतात. आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते, की महिन्याला भेटल्यावर कोणाला किती मिळाले हे बोलायचे, पण कोणाला किती तोटा झाला हेही त्याच आवाजात बोलायचे. ऑक्टोबरमध्ये बाजार पडला तेव्हा सातही जणींचे आकडे लाल होते. सातही जणींनी ते वाचून दाखवले, शेंगा-चटणी आणि धपाटे खाल्ले आणि कोणीच काही विकले नाही. एकटी असते तर मी विकले असते, हे प्रामाणिकपणे सांगते. गर्दीने माणूस वाहवतो हे खरे. पण ओळखीची, खरे बोलणारी गर्दी त्याला धरूनही ठेवते, असा माझा अनुभव आहे.

---

सम्यक | सायंकाळी ६.५५

इंद्रधनू, एक पूरक गोष्ट. ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन यांनी १९९१ ते १९९६ या काळातील एका अमेरिकी ब्रोकरकडच्या ६६,४६५ कुटुंबांचे व्यवहार तपासले. बाजाराने वर्षाला १७.९ टक्के दिले असताना, सर्वांत जास्त उलाढाल करणाऱ्या कुटुंबांच्या पदरात ११.४ टक्के पडले. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात पुरुष स्त्रियांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल करताना आढळले, आणि त्या उलाढालीने त्यांचा परतावा स्त्रियांपेक्षा अधिक घटला. सुताची गाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उत्तर हेच आहे.

---

कांदेकरी (मोहोळ) | रात्री ८.१५

शेअरमधले मला फारसे कळत नाही, पण सकाळपासून वाचतो आहे आणि मनात कांदाच येतो आहे. गेल्या हंगामात भाव चांगला मिळाला की यंदा सगळा शिवार कांद्याचा होतो. सोलापूरच्या बाजार समितीत गाड्यांची रांग हैदराबाद रोडपर्यंत जाते आणि भाव बसतो. मग पुढच्या वर्षी कोणी लावत नाही, आणि ज्या एखाद्याने लावला त्याला सोने मिळते. आम्ही मागचा भाव बघून पुढचे पीक ठरवतो. तुम्ही लोकही गेल्या वर्षी कोणत्या फंडाने किती दिले ते बघूनच पैसे टाकता ना?

फरक मला एकच वाटतो. माझा कांदा महिन्या-दोन महिन्यांत सडतो, म्हणून पडत्या भावात विकण्यावाचून मला गत्यंतर नसते. तुमची युनिट्स सडत नाहीत. तरी तुम्ही त्याच घाईने का विकता, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

---

सुताची गाठ | रात्री ८.३०

कांदेकरी मालक, याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्या दिवशी मला ती सडत आहेत असेच वाटत होते.

---

ताळेबंद (रेल्वे लाईन्स) | रात्री ९.४५

मी सीए आहे. कांदेकरींच्या "मागचा भाव बघून" या मुद्द्याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण बहुतेकांना हा फरक आकड्यांत दिसलेला नसतो.

समजा एका फंडाचे युनिट १० रुपयांना होते तेव्हा एकाने एक लाख टाकले. युनिट १५ वर गेले. पन्नास टक्के वाढ बघून त्याने धीर करून पाच लाख टाकले. मग युनिट १०.५० वर आले. फंडाच्या जाहिरातीत परतावा अधिक ५ टक्के दिसेल आणि ते खोटे नसेल. या माणसाने मात्र सहा लाख टाकले होते आणि आज त्याच्याकडे ४ लाख ५५ हजार आहेत. फंड नफ्यात आणि गुंतवणूकदार १ लाख ४५ हजारांनी तोट्यात. यात ना कोणी फसवले, ना फंड वाईट होता. पैसा कधी आला एवढ्यानेच हे घडले. म्हणून फंडाचा परतावा बघू नका, तारखेनिशी रकमा टाकून स्वतःचा एक्सआयआरआर, म्हणजे कोणती रक्कम कधी आली-गेली हे धरून निघणारा वार्षिक परतावा, काढा.

सुताची गाठ, तुमच्या ५१ हजारांच्या हिशेबात कर राहिला आहे. ती युनिट्स कधी घेतली होती?

---

सुताची गाठ | रात्री ९.५५

२०२० च्या दिवाळीत, एकरकमी साडेचार लाख.

---

ताळेबंद | रात्री १०.२०

म्हणजे साडेतीन लाखांचा दीर्घकालीन नफा. या वर्षीची सवलत १ लाख २५ हजार. उरलेल्या २ लाख २५ हजारांवर जूनमधल्या १० टक्के दराने २२,५००, उपकरासह २३,४०० रुपये कर. मात्र हा सगळाच तोटा समजू नका. नव्या युनिट्सची खरेदी किंमत आता आठ लाख धरली जाईल, म्हणजे एवढ्या नफ्यावर पुढे पुन्हा कर नाही. शिवाय २३ जुलैपासून दर साडेबारा टक्के झाला आहे. तुमचे खरे नुकसान पहिले ५१ हजार हेच.

---

टॉवेलवाले | रात्री १०.४०

आता एक अप्रिय गोष्ट विचारतो. एसआयपी चालू ठेवणे म्हणजे शहाणपण असे सगळे धरून चालले आहेत. मार्च २०२० मध्ये देशभरातून एसआयपीने ८,६४१ कोटी आले होते, या ऑक्टोबरमध्ये २५ हजार कोटींहून जास्त आले. डीमॅट खाती (शेअर ठेवायची खाती) मार्च २०२० ते मार्च २०२४ या चार वर्षांत चार कोटींवरून पंधरा कोटींवर गेली. ऑक्टोबरमध्ये परदेशी संस्थांनी सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले आणि आपल्या संस्थांनी त्याहून जास्त घेतले. भाव काय आहे हे न बघता दर पाच तारखेला सगळ्यांचा पैसा एकाच दाराने आत येत असेल, तर हाही कळपच नाही का? त्याला शिस्त हे चांगले नाव आहे एवढेच.

---

पै_पै | रात्री ११.०५

प्रश्न रास्त आहे आणि स्मॉलकॅप (लहान कंपन्यांच्या) फंडांच्या बाबतीत मला त्याची काळजी वाटते. मागच्या वर्षीचा परतावा बघून जो हप्ता आज सुरू होतो, तो पहिल्या मोठ्या पडझडीत टिकेल का, हे २०२० नंतर आलेल्या लोकांना अजून कळलेले नाही. त्यांनी लांबलेली मंदी पाहिलेली नाही. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला होता, आणि ती घसरण चौदा महिने चालली. पण भाव पडत असतानाही तोच हप्ता जात राहतो, हा फरक कळपात नसतो. कळप पडझडीत बाहेर पळतो.

---

सम्यक | रात्री ११.२०

टॉवेलवाले, तुमच्या प्रश्नाने मला सकाळचे माझेच लिखाण थोडे सुधारावेसे वाटते. उत्साहानंतर परतावा कमी पडतो असे मी लिहिले, पण तो उद्या पडेल की तीन वर्षांनी, हे त्या अभ्यासांतून कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख ॲलन ग्रीनस्पॅन यांनी तिथल्या बाजाराच्या अवाजवी उत्साहाविषयी डिसेंबर १९९६ मध्ये इशारा दिला होता आणि तेजी त्यानंतर मार्च २००० पर्यंत चालली. म्हणून सगळ्यांची मनःस्थिती मोजून आपण आत-बाहेर करू, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यातही पुन्हा आपलीच मनःस्थिती निर्णय घेत असते.

---

सुताची गाठ | १८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७.३०

रात्री ताळेबंद यांच्या सांगण्याप्रमाणे अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदी तारखेनिशी संगणकात भरल्या. मुलाने मदत केली. एक गोष्ट निघाली ती मी पूर्णपणे विसरलो होतो.

एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२० या सात महिन्यांत माझी दहा हजारांची एसआयपी बंद होती. दुकान बंद होते म्हणून पहिले दोन महिने थांबवणे समजण्यासारखे आहे. पण जूनमध्ये दुकान उघडले होते आणि बचत खात्यात पैसे होते. साडेचार लाख होते, जे मी दिवाळीत बाजार पुन्हा वर गेल्यावर टाकले. पै_पै यांनी ज्यांचे वर्णन केले, तो माणूस मी आहे. ते सात हप्ते पाच तारखेच्या सुमारास गेले असते, तर त्या ७० हजारांचे निफ्टीच्या आजच्या पातळीला सुमारे १ लाख ६० हजार झाले असते. म्हणजे जवळपास ९० हजारांचा फरक. ४ जूनच्या ५१ हजारांसाठी मी कालपासून स्वतःला बोल लावत होतो. त्याहून मोठी रक्कम कोणतेही बटण न दाबता, नुसते थांबून राहण्यात गेली, आणि तिची मला आठवणही नव्हती.

टॉवेलवाले, ४ जूनला बाजाराने निवड केली हे तुमचे म्हणणे मला आता पटते. निवड मी केली नव्हती. माझा फंड पन्नास कंपन्यांचा होता, त्यात साबणवालेही होते आणि मी सगळ्यांना एकाच बटणाने विकले.

---

टॉवेलवाले | सकाळी ८.०५

अण्णा, माझ्याही नोंदी तपासायच्या राहिल्या आहेत. ताळेबंद सर, तो तक्ता कसा भरायचा ते इथे टाकाल का?

---

ताळेबंद | सकाळी ८.४०

टाकतो. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खिशातून गेलेली रक्कम उणे चिन्हाने आणि हातात आलेली अधिक चिन्हाने लिहा. शेवटच्या ओळीत आजची तारीख आणि आजचे मूल्य. बंद पडलेल्या महिन्यांच्या ओळी या तक्त्यात येणारच नाहीत, त्या शेजारी वेगळ्या कागदावर हाताने लिहा.